केसिंग उघडलं की फुटलं?

वाचकाचं पत्र

मी चाकणजवळच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे. दहावीपर्यंत मराठी शाळा, मग डिप्लोमा. दिवसभराचं बोलणं मराठी-हिंदीत होतं, पण शटडाउनचा, म्हणजे दुरुस्तीसाठी मशीन बंद ठेवून केलेल्या कामाचा, रिपोर्ट इंग्रजीत द्यावा लागतो आणि तो इंग्लंडमधल्या ग्राहकाकडे जातो. मागच्या शटडाउनला एका गिअरबॉक्सबद्दल मी ‘द केसिंग वॉज स्प्लिट’ असं लिहिलं. मला म्हणायचं होतं, केसिंगचे, म्हणजे बाहेरच्या कवचाचे, वरचे-खालचे दोन भाग सुटे केले. त्यांच्या इंजिनिअरने वाचलं, केसिंग फुटलं. नवं केसिंग मागवायची भाषा सुरू झाली, मग फोनाफोनी. साहेब म्हणाले, इंग्रजी सुधारा. शब्दकोश घेऊन बसलो तर सेपरेट, डिव्हाइड, डिटॅच, डिस्मँटल, सेव्हर, सगळ्यांसमोर ‘वेगळे करणे’ नाहीतर ‘विभक्त करणे’. फरक ओळखायचा कसा? आणखी एक. व्हिसाच्या कामासाठी कुटुंबाची माहिती इंग्रजीत लिहायची आहे. आमचा मोठा भाऊ लग्नानंतर विभक्त झाला. ‘माय एल्डर ब्रदर इज सेपरेटेड’ असं लिहिलं तर चालेल ना?

– एक वाचक, चाकण

उत्तर

नमस्कार. भावाबद्दलचं ते वाक्य तूर्त पाठवू नका. कारण पुढे येईलच. आधी गिअरबॉक्सचं बघू.

तुमचा शब्द चुकीचा नव्हता. इंग्लंडमधला फिटरसुद्धा ‘स्प्लिट द केसिंग’ असंच म्हणतो, आणि दोन अर्ध्या भागांत बनवलेल्या केसिंगला ड्रॉइंगवर ‘स्प्लिट केसिंग’ असंच लिहिलेलं असतं. घोटाळा वाक्याच्या बांधणीने केला. मराठीत एखादी गोष्ट आपोआप झाली की कुणी केली, हे क्रियापदातच कळतं. पाइप फुटला, पाइप फोडला. दोरी तुटली, दोरी तोडली. कापड फाटलं, कापड फाडलं. बोल्ट सुटला, बोल्ट सोडला. ही सोय आपल्याला इतकी अंगवळणी पडलेली असते की ती आहे हेच जाणवत नाही. इंग्रजीत स्प्लिट, टेअर, ब्रेक, स्नॅप या क्रियापदांना ही सोय नाही. ‘द होज स्प्लिट’ म्हणजे होज फुटला, ‘आय स्प्लिट द होज’ म्हणजे मी होज चिरला. क्रियापद तेच, रूपही तेच. त्यात ‘वॉज स्प्लिट’ असं लिहिलं की आणखी एक फाटा फुटतो. ते कामाचं वर्णन आहे की अवस्थेचं? ‘केसिंग उघडलं गेलं’ की ‘केसिंग फुटलेलं होतं’? दोन्ही वाचता येतं, आणि समोरच्या इंजिनिअरने नुकसानाच्या बाजूने वाचलं. त्याच्या जागी मीही तसंच वाचलं असतं.

म्हणून रिपोर्टमध्ये कर्ता लिहा. ‘वी सेपरेटेड द टू हाव्ह्ज ऑफ द केसिंग अ‍ॅट द जॉइंट.’ कुणी केलं, कुठून केलं, दोन्ही आलं. आणि खरंच तडा गेला असेल तर ‘क्रॅक्ड’ लिहा, स्प्लिट नको. शाळेत आपल्याला शिकवतात की तांत्रिक लेखनात कर्मणी प्रयोग वापरावा, तो भारदस्त दिसतो. मोडतोडीच्या क्रियापदांपुरता तरी हा सल्ला बाजूला ठेवा.

आता मूळ प्रश्न. शब्दकोशात सगळ्यांसमोर ‘वेगळे करणे’ दिसतं, कारण ते कोशकाराला सगळ्यांवर पांघरता येणारं एकच शब्दरूप आहे. मराठीलाही हे भेद नवे नाहीत. आपण शिवण उसवतो, पाकीट फोडतो, खोबरं खरवडतो, फुलं खुडतो, गुंता सोडवतो, चिकटलेलं झाकण उचकटतो, वायर सोलतो. यातलं एकही काम कुणी ‘वेगळे करणे’ म्हणून सांगत नाही. उसवायला आधी शिवलेलं असावं लागतं, सोडवायला आधी गुंतलेलं. इंग्रजीतही हाच धागा धरायचा. तोडण्याचा शब्द शोधताना, ती वस्तू आधी कशी जुळलेली होती हे बघायचं. अ‍ॅटॅच केलेलं असेल ते डिटॅच होतं, कनेक्ट केलेलं डिस्कनेक्ट होतं, कपल केलेलं अनकपल होतं, असेंबल केलेलं डिसअसेंबल होतं, गुंतलेलं डिसएंटँगल होतं. जे मुळात एकसंध होतं, कुणी जोडलेलंच नव्हतं, तिथे हे ‘डिस’वाले शब्द चालत नाहीत. तिथे टेअर, स्प्लिट, कट, ब्रेक लागतात. लाकडाचा ओंडका डिसअसेंबल होत नाही.

हे तुमच्या गिअरबॉक्सवर लावून बघा. कामाला हात घालायच्या आधी तुम्ही वीजपुरवठा बंद करता. इथे तीन शब्द आहेत आणि त्यांची अदलाबदल जिवावर बेतू शकते. ‘स्विच्ड ऑफ’ म्हणजे नुसतं बटण बंद. दुसरा कुणी येऊन ते चालू करू शकतो. ‘डिस्कनेक्टेड’ म्हणजे टर्मिनलवरून वायर काढल्या. ‘आयसोलेटेड’ म्हणजे वीज येण्याच्या सगळ्या वाटा बंद करून त्या तशाच बंद राहतील याची सोय केली, बहुतेक ठिकाणी कुलूप लावून. ब्रिटनमध्ये १९८९ सालचे ‘इलेक्ट्रिसिटी अ‍ॅट वर्क’ नियम आहेत. त्यांत आयसोलेशनची व्याख्या करताना डिस्कनेक्शन आणि सेपरेशन हे दोन्ही शब्द वापरले आहेत, आणि ते पक्कं असलं पाहिजे असंही म्हटलं आहे. म्हणजे जोड तोडून भागत नाही, मध्ये अंतर हवं, आणि ते अंतर कुणाच्या चुकून लागलेल्या हाताने मिटता कामा नये. तुमचा ग्राहक इंग्लंडचा आहे. तो ‘आयसोलेटेड’ हा शब्द वाचतो तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे कुलूप असतं. कुलूप लावलं नसेल तर तो शब्द लिहू नका.

पुढे मोटर आणि गिअरबॉक्स यांच्यामधलं कपलिंग सोडता, ते ‘अनकपल्ड’ किंवा ‘डिस्कनेक्टेड’. वरचं झाकण काढता, ते ‘रिमूव्ह्ड’. साधा शब्द आहे, लाजू नका. जॅकिंग बोल्ट आवळत केसिंगचा वरचा भाग खालच्यापासून सावकाश वर उचलता, ते ‘सेपरेटेड’. घाईत कुणी जॉइंटमध्ये स्क्रूड्रायव्हर घालून उचकटलं असेल, तर त्याला ब्रिटिश इंग्रजीत ‘प्राइज्ड’ आणि अमेरिकनमध्ये ‘प्राइड’ म्हणतात. हा शब्द वाचल्यावर अनुभवी माणूस पहिल्यांदा विचारणार की जॉइंटच्या पृष्ठभागावर ओरखडे आले का, कारण तिथूनच पुढे तेल गळतं. पुलर लावून बेअरिंग काढलं तर ‘पुल्ड’ किंवा ‘ड्रॉन ऑफ’. एवढं सगळं झालं की गिअरबॉक्स ‘डिसअसेंबल्ड’ झाला.

आपल्या वर्कशॉपमध्ये या सगळ्याला मिळून ‘खोलणे’ म्हणतात. इंजिन खोललं, गिअरबॉक्स खोलला. म्हणून पुष्कळ मुलं सवयीने ‘वी ओपन्ड द गिअरबॉक्स’ लिहितात. इंग्रजी वाचणाऱ्याला त्यातून एवढंच कळतं की झाकण काढून आत डोकावून पाहिलं. तुम्ही शाफ्टपर्यंत सगळं सुटं करून, धुऊन, मापं घेऊन ठेवलेलं असतं आणि त्याच्या लेखी ते दहा मिनिटांचं काम ठरतं. तुमच्या टीमच्या मेहनतीचं श्रेय एका शब्दात जातं. पूर्ण खोलला असेल तर ‘कंप्लीटली डिसअसेंबल्ड’ किंवा ‘स्ट्रिप्ड डाउन’ लिहा.

इथे डिस्मँटलचा प्रश्न येतोच. डिसअसेंबल या शब्दात पुन्हा जोडण्याची अपेक्षा असते. डिस्मँटल बहुतेक वेळा काढून टाकण्याकडे झुकतो: जुना प्लांट डिस्मँटल करतात, काम संपल्यावर परांची डिस्मँटल करतात, एखादी यंत्रणा किंवा संस्था मोडीत काढली तर तिथेही हाच शब्द येतो. या शब्दाचा इतिहास आपल्या मातीपर्यंत येऊन पोचतो. जुन्या फ्रेंचमधून तो इंग्रजीत आला. मूळ अर्थ अंगावरचा झगा उतरवणे, आणि त्यावरून किल्ल्याचा तट पाडणे. १८१८ मध्ये पेशवाई संपल्यावर इंग्रजांनी सह्याद्रीतल्या कित्येक किल्ल्यांच्या वाटा, पायऱ्या, दरवाजे सुरुंगाने उडवले, म्हणजे पुन्हा कुणी तिथे ठाण मांडू नये. इंग्रजी गॅझेटिअरमध्ये अशा किल्ल्यांपुढे ‘डिस्मँटल्ड’ हाच शब्द सापडतो. नाशिक भागातल्या किल्ल्यांवर तुटलेल्या पायऱ्यांच्या जागी कातळाला बिलगून चढताना हा शब्द मला नेहमी आठवतो. तिथे त्याचा अर्थ हाताला लागतो.

हेही सांगायला हवं की ब्रिटनमधल्या जुन्या वर्कशॉप मॅन्युअलांत ‘डिस्मँटलिंग’ हा शब्द सर्रास ‘खोलणे’ या अर्थाने येतो आणि पुढच्याच पानावर ‘रीअसेंब्ली’ असते. त्यामुळे ग्राहकाच्या मॅन्युअलमध्ये जो शब्द असेल तोच रिपोर्टमध्ये ठेवा. मॅन्युअल हा तुमचा सगळ्यात जवळचा आणि विश्वासाचा शब्दकोश. बाहेरचा कोश लागलाच तर शिकणाऱ्यांसाठी काढलेला इंग्रजी-इंग्रजी कोश घ्या, त्यात शब्दामागे कुठलं शब्दयोगी येतं तेही दिलेलं असतं. समानार्थी शब्दांच्या याद्या मात्र टाळा. त्या ज्याला भेद आधीच माहीत आहेत त्याच्यासाठी असतात.

बिघाडाचे शब्द वेगळे, आणि ते तुम्हाला वारंवार लागणार. ताणाखाली असलेली वस्तू एकदम तुटली तर ‘स्नॅप्ड’: बेल्ट, केबल, स्प्रिंग. बोल्टवर आडवा जोर येऊन तो कापला गेला तर ‘शिअर्ड’. हा शब्द लिहिल्याबरोबर वाचणाऱ्याला कारणाची दिशा कळते, म्हणून जपून लिहा. नुसतं ‘बोल्ट ब्रोक’ लिहिलं तर चूक नाही, पण तुम्ही तुटलेलं तोंड हातात घेऊन पाहिलेलं असतं आणि ती माहिती वाया जाते. आटे गेले तर ‘द थ्रेड्स आर स्ट्रिप्ड’. म्हणजे ‘स्ट्रिप’ हा एकच शब्द इंजिन खोलायला, वायर सोलायला आणि आटे जायला, तिन्हीकडे. संदर्भ सोडून तो एकटा लिहू नका.

टेअर आणि रिप यांवर फार वेळ घालवायला नको. दोन्ही फाडणंच, पण रिप जास्त झटक्यात आणि सरळ रेषेत, पुष्कळदा शिवणीवरून. सुतारकामात लाकूड तंतूंच्या दिशेने उभं कापणाऱ्या करवतीला ‘रिप सॉ’ म्हणतात, त्यावरून लक्षात राहील. टेअरचा उच्चार ‘टेअर’, अश्रू म्हणजे ‘टिअर’. स्पेलिंग एकच.

सेपरेट आणि डिव्हाइड यांचा फरक मात्र नीट समजून घ्या, कारण हे दोन शब्द ऑफिसात रोज लागतात. सेपरेट करताना निरनिराळ्या गोष्टी एकमेकांपासून दूर होतात. डिव्हाइड करताना एकाच गोष्टीचे हिस्से होतात. इंग्रजी पाककृतीत ‘सेपरेट द एग्ज’ असतं, म्हणजे बलक एका भांड्यात आणि पांढरं दुसऱ्या भांड्यात. ‘डिव्हाइड द डो इंटू एट’ म्हणजे कणकेचे आठ गोळे. त्याच पाककृतीत ‘स्प्लिट पीज’ आले तर समजा ती डाळ आहे, कारण दाणा त्याच्या नैसर्गिक फटीतून दुभंगलेला आहे. स्प्लिटमध्ये ही आतली रेषा कायम असते: लाकडाचे तंतू, दगडाचा थर, पक्षातली आधीपासूनची फूट. म्हणून पक्ष ‘स्प्लिट’ होतो आणि जिल्हा ‘डिव्हाइड’ होतो. शब्दयोगीही वेगवेगळे: सेपरेट ‘फ्रॉम’, डिव्हाइड ‘इंटू’. ‘डिव्हाइड इन टू पार्ट्स’ हे आपल्याकडे फार दिसतं, ते ‘इंटू टू पार्ट्स’ हवं. आणि सेपरेटच्या स्पेलिंगमध्ये पीनंतर ए येतो, ई नाही. क्रियापदाचा उच्चार शेवटी ‘रेट’, पण विशेषण असेल तर ‘सेप्रिट’.

आपल्या ऑफिसातल्या दोन शब्दांनी इंग्लंडमध्ये गोंधळ होतो. खर्चाचा तपशील मागताना आपण ‘ब्रेकअप’ म्हणतो. तिकडे ब्रेकअप म्हणजे जोडपं तुटणं, बैठक उठणं किंवा जहाज भंगारात काढणं. मुंबईच्या दारूखाना या बंदराजवळच्या भागात वर्षानुवर्षं जे चाललं ते शिप ब्रेकिंग याच कुळातलं. खर्चाच्या तपशिलाला ते ‘ब्रेकडाउन’ म्हणतात. पण मेंटेनन्सवाल्याच्या रिपोर्टमध्ये ब्रेकडाउन म्हणजे मशीन बंद पडणं, म्हणून तुम्ही ‘कॉस्ट ब्रेकडाउन’ असं पूर्ण लिहा. दुसरा शब्द ‘बायफर्केशन’. मुंबई राज्याच्या १९६० च्या विभाजनापासून आंध्र प्रदेशाच्या २०१४ च्या विभाजनापर्यंत तो आपल्याकडे सरकारी इंग्रजीत रुळला आहे, आणि तिथून बिलांमध्येही शिरला आहे. त्याच्या पोटात ‘दोन फाटे’ आहेत. चार खात्यांत वाटलेल्या रकमेचं बायफर्केशन होत नाही, तिथे ‘स्प्लिट’ पुरे.

सेव्हरबद्दल तुम्ही विचारलंय. सेव्हर म्हणजे पूर्ण छेद, आणि तोही अशा जागी जिथे दोन्ही बाजू एकमेकींवर अवलंबून होत्या: बोट, नस, केबल, संबंध. अपघाताच्या रिपोर्टमध्ये ‘फिंगर वॉज सेव्हर्ड’ लिहिलं तर वाचणारा समजतो की बोट तुटून वेगळं झालं. नुसती खोल जखम असेल तर ‘डीप कट’ लिहा. तिथे शब्दाच्या निवडीवर एका माणसाच्या नुकसानभरपाईचा विचार सुरू होणार असतो. गंमत वाटेल, पण सेव्हर आणि सेपरेट ही एकाच लॅटिन शब्दाची लेकरं आहेत, एक फ्रेंचच्या वाटेने आलं, दुसरं थेट लॅटिनकडून. ‘सेव्हरल’ही त्याच घरातला. म्हणूनच कर्जाच्या आणि हमीच्या कागदांवर ‘जॉइंटली अँड सेव्हरली’ असतं: सगळे मिळून, आणि प्रत्येक जण वेगळाही. म्हणजे बाकीच्यांनी हात वर केले तर सगळी रक्कम तुमच्या एकट्याकडूनही वसूल होऊ शकते. मित्राला जामीन राहताना हे दोन शब्द दिसले तर सही करण्यापूर्वी थांबून वाचा. ‘सिव्हिअर’ म्हणजे तीव्र, त्याचा या घराशी संबंध नाही.

माणसं एकमेकांपासून दूर होतात तेव्हाचा इंग्रजीतला सगळ्यात हळुवार शब्द ‘पार्ट’. ‘पार्ट फ्रॉम’ म्हणजे निरोप घेणं, ‘पार्ट विथ’ म्हणजे जवळची वस्तू सोडून देणं. इंग्लंडच्या चर्चच्या प्रार्थनापुस्तकात लग्नाची शपथ १५४९ मध्ये ‘टिल डेथ अस डिपार्ट’ अशी छापलेली होती. तेव्हा डिपार्टचा एक अर्थ ‘वेगळं करणं’ असा होता. पुढे तो अर्थ मागे पडला, डिपार्ट म्हणजे फक्त निघून जाणं उरलं, आणि शपथ विचित्र वाटू लागली. म्हणून १६६२ च्या आवृत्तीत ती ‘टिल डेथ अस डू पार्ट’ अशी झाली. लोक आजही तीच म्हणतात. शब्दांच्या छटा सरकतात तेव्हा धर्मग्रंथालाही वाक्य बदलावं लागतं.

आता तुमच्या भावाकडे येतो. मराठीत ‘विभक्त झाला’ म्हणजे एकत्र कुटुंबातून बाहेर पडून त्याने स्वतःचा संसार मांडला. चूल वेगळी झाली, माणसं एकमेकांकडे येत-जात असतील, सण एकत्रही करत असतील. इंग्रजीत माणसाबद्दल ‘सेपरेटेड’ म्हटलं की त्याचा अर्थ एकच: नवरा-बायको वेगळे राहतात, घटस्फोट झालेला नाही. आपल्याकडे हिंदू विवाह कायद्यातही, १९५५ च्या, कलम १० मध्ये न्यायालयाच्या आदेशाने वेगळं राहण्याची तरतूद आहे, तिला ‘ज्युडिशिअल सेपरेशन’ म्हणतात, आणि घटस्फोट निराळा, कलम १३ मध्ये. व्हिसाच्या फॉर्ममध्ये वैवाहिक स्थितीच्या रकान्यात मॅरिड, डिव्होर्स्ड यांच्या जोडीने बऱ्याचदा सेपरेटेड हाही पर्याय असतो. तुमचं वाक्य वाचून अधिकाऱ्याला वाटेल की वहिनी आणि दादा वेगळे राहतात. मग फॉर्ममध्ये ‘मॅरिड’ आणि माहितीत ‘सेपरेटेड’ अशी विसंगती दिसेल, आणि नसलेल्या भांडणाचा खुलासा तुम्हाला करावा लागेल. वहिनींनी ते वाचलं तर त्यांना काय वाटेल, हेही मनात आणा.

असं लिहा: ‘माय एल्डर ब्रदर इज मॅरिड अँड लिव्ह्ज इन अ सेपरेट हाउसहोल्ड विथ हिज वाइफ अँड चिल्ड्रन.’ मुलं नसतील तर शेवटचे दोन शब्द गाळा. घराची किंवा शेताची वाटणी झाली असेल आणि फॉर्ममध्ये मालमत्तेची माहिती मागितली असेल, तर तिथे सेपरेट नको, डिव्हाइडही नको. वाटणीला कायद्याचा शब्द ‘पार्टिशन’ आणि वाटणीपत्राला ‘पार्टिशन डीड’. तोच शब्द वापरा आणि नोंदणी झालेली असेल तर वाटणीपत्राची प्रत सोबत जोडा.